तुकोजींची तहान

मुतखड्याची कळ कशी असते हे ज्याला ठाऊक नाही त्याने तुकोजी वाघमोड्यांना हसू नये, आणि ज्याला ठाऊक आहे तो हसणारच नाही. डाव्या बरगडीखाली सुरू होते, पाठीतून फिरते आणि जांघेत उतरते. बसलं तर उठावंसं वाटतं, उठलं तर लोळावंसं वाटतं, आणि लोळलं की कळतं, यातही काही राम नाही. इंदूरमध्ये मुतखड्याला पथरी म्हणतात. तुकोजींची पथरी आता सात वर्षांची झाली होती आणि बडा गणपतीच्या मागच्या त्यांच्या गल्लीत तिला घरच्या पोरीसारखं सगळे ओळखायचे. पानवाला विचारायचा, "काय तुकोजी भिया, पथरी काय म्हणते?" तुकोजी कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "ती मजेत आहे. आम्हीच जरा बेजार आहोत."

पण ही हकिगत पथरीपासून सांगितली तर अर्धीच कळेल. ती मिलपासूनच सांगायला हवी.

वाघमोडे म्हणजे उभ्या पहाऱ्याचं घराणं. आजोबा होळकरांच्या पलटणीत, राजवाड्याच्या देवडीवर. एकदा स्वारी यायला उशीर झाला तर म्हणे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पापणी न हलवता उभे राहिले. आता पापणी न हलवता म्हणजे जरा जास्तच झालं, पण घराण्याच्या गोष्टीत कोण माप काढत बसतो? पुढे संस्थान गेलं, पलटण गेली, आणि नातू तुकोजी चौसष्ट साली, एकोणिसाव्या वर्षी, कापडाच्या मिलच्या फाटकावर जाऊन उभे राहिले. पक्का कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी बदली घेत. सात महिने रोज फाटकावर जायचं, घेतलं तर काम, नाहीतर परत घरी. त्या सात महिन्यांत तुकोजींनी एकही खाडा केला नाही, तेव्हा माणसं भरणाऱ्या जॉबरलाच लाज वाटली आणि त्याने त्यांना सांचाखात्यात कायम केलं.

सांचा म्हणजे माग. एका माणसाकडे चार सांचे. आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचायचे. हवा कोरडी पडली तर धागे तुटतात, म्हणून खिडक्या कायम बंद आणि वरून पाण्याचा बारीक फवारा. मे महिन्यात आत शिरलं की दहा मिनिटांत बनियन पिळून काढावं लागे. अंगातून घामाच्या धारा, आणि पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे, तर अंगण ओलांडून पलीकडे. मुतारी त्याच्याही पलीकडे. जाऊन यायला दहा मिनिटं. तेवढ्यात चारांतल्या एका सांच्यावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तर कापडात जी रेघ पडते ती शेवटपर्यंत तशीच जाते, आणि तो तागा मग दुय्यम मालात.

तुकोजींना ती रेघ सहन होत नसे. दंडाचं सोडा, दंड तर सगळ्यांनाच व्हायचा. पण आपल्या हातून रेघेचं कापड गेलं म्हणजे देवडीवरचा पहारेकरी झोपला, असं त्यांना वाटायचं. एका म्हाताऱ्या विणकराने त्यांना पहिल्याच उन्हाळ्यात युक्ती सांगितली होती. गालात आवळासुपारी धरायची. तोंडाला पाणी सुटत राहतं, घसा मागत नाही. सकाळी सातला कामावर येताना घरून एक चहा, साडेअकराच्या सुट्टीत एक लोटा पाणी, आणि मग साडेतीनला पाळी सुटली की दुसरा. मधे काही नाही. सुरुवातीला जीव कासावीस झाला. दोन-तीन वर्षांत शरीर मुकाट्याने वळणावर आलं, आणि मग तहान लागेनाशीच झाली. सुलोचनाबाई लग्न होऊन आल्या त्या पहिल्या थंडीपासून आवळे किसून, मीठ-जिरं लावून, गच्चीवर वाळवून डबा भरून ठेवायला लागल्या. नवऱ्याच्या कामात आपलाही हात आहे, याचा त्यांना अभिमान होता.

शेजारच्या चार सांच्यांवर लक्ष्मण होता. हा लक्ष्मण म्हणजे पाळीत आठ-दहा वेळा बाहेर. कधी पाणी, कधी बिडी, कधी नुसताच पिंपळाखाली वारा खायला. जाताना ओठांनीच सांगायचा आणि तुकोजी आठ सांच्यांमधून फिरायचे. परत आला की तो हाताने विचारायचा, आता तू जातोस का? तुकोजी मान हलवायचे. अठ्ठावीस वर्षांत एकदाही गेले नाहीत. सव्वीस जानेवारीला मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले होते की सांचा न सोडणारा माणूस बघायचा असेल तर वाघमोड्यांना बघा. ते वाक्य तुकोजींनी घरी येऊन तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा सुलोचनाबाई म्हणाल्या, "जेवून घ्या आता, मॅनेजर काही तुमची भाजी गरम करून देणार नाहीत."

काय दिवस होते ते. भोंगा वाजला की अर्धं शहर जागं व्हायचं आणि अर्धं झोपायला जायचं. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर कढया लागायच्या, गरम जलेबीचा पुडा घेतल्याशिवाय कुणी घरी जात नसे. आणि अनंत चतुर्दशीला मिलची झांकी. महिनाभर आधीपासून अंगणात बांबू, कागद, चलत्या मूर्ती, दिवे. मग ती ट्रकवर चढवून शहरभर मिरवायची आणि कुणाच्या मिलची झांकी भारी यावरून पुढच्या वर्षापर्यंत भांडायचं. तुकोजींचं काम देखाव्याच्या मागचा कापडी पडदा ताणून बांधायचं. पडद्याला एक सुरकुती दिसली तर सगळं सोडायला लावून पुन्हा बांधत. पोरं कुरकुर करायची, पण पडदा मात्र सगळ्या इंदुरात तसा नसायचा.

ब्याण्णवच्या थंडीत मिल बंद झाली. पहिल्यांदा म्हणाले, वीज नाही. मग म्हणाले, कापूस नाही. मग कुणी काही म्हणेनासं झालं आणि फाटकाला कुलूप लागलं. बाजारात सुरतचं चकचकीत पॉलिस्टर आलं होतं, घराघरात रंगीत टीव्ही आले होते, पेपरात रोज छापून यायचं की देश आता मोकळा झाला. तुकोजी पेपर घडी करून ठेवायचे आणि म्हणायचे, "सुरू होईल. कोर्टात केस आहे. अशी चालती मिल कोण मोडतं?"

राजवाड्याजवळच्या एका ठोक कापडाच्या दुकानात त्यांना काम मिळालं, ताग्यांतले दोष बघायचं. ताग्यावरून बोट फिरवून ते सांगायचे की रेघ कुठल्या मीटरवर आहे. सेठ खूश होता. दुकानात पाण्याचा थंडगार माठ होता. सेठ म्हणायचा, "तुकोजी, पाणी तो पियो." तुकोजी घड्याळाकडे बघून म्हणायचे, "सुट्टी होऊ द्या." साडेअकराला एक लोटा, साडेतीनला एक. गालात आवळासुपारी. लक्ष्मणने एकदा विचारलं की आता कोणत्या सांच्याची राखण करतोस बाबा? तेव्हा तुकोजींनी आपल्या मनातली गोष्ट सांगितली. मिल सुरू झाली की पहिल्याच दिवशी सांच्यावर उभं राहायचं. इतक्या वर्षांची सवय एकदा मोडली, घसा मागायला लागला, तर या वयात ती पुन्हा लागायची नाही. शरीर तयार ठेवलं पाहिजे.

मिल बंद झाल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात पहिली कळ आली. मग सुरू झाली वणवण. विम्याच्या दवाखान्यातलं कार्ड मिल बंद म्हणून बंद. सरकारी इस्पितळात फोटो निघाला, हरभऱ्याएवढा खडा दिसला. तो पडला, पुढच्या वर्षी दुसरा आला. पंच्याण्णवला पाठ चिरून ऑपरेशन झालं, खडा बाटलीत घालून हातात दिला. तुकोजींना वाटलं, सुटलो. चार महिने बरे गेले आणि मग दुखणं परत आलं. या वेळी कळ नव्हे, नुसता ठणका. दिवसभर, मंद, दाढ दुखावी तसा. सोनोग्राफीत कधी दिसायचं, कधी नाही. एक डॉक्टर म्हणाले टाक्याची जागा दुखते, दुसरे म्हणाले मणक्याचं आहे, तिसरे म्हणाले मनाचं आहे. टमाटे बंद, पालक बंद, वांगी बंद. कुळथाचं कढण पिऊन पिऊन घराला घोड्याच्या तबेल्याचा वास यायला लागला. सगळे म्हणायचे, पाणी भरपूर प्या. तुकोजी म्हणायचे, पितो की. आणि त्यांच्या मते ते पीतच होते, अठ्ठावीस वर्षं पुरलं तेवढं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, त्यातली गत.

गेल्या थंडीत लेकीने, जयाने, बेटम्याला बोलावून घेतलं. तिच्या सासऱ्यांच्या ओळखीचा वैद्य होता. अकरा दिवस तिथे राहून तुकोजींनी कसली कसली पानं चावली. परत आले ते ठणका घेऊनच.

शेवटी श्रावणात सुलोचनाबाईंनी त्यांना मैत्री नावाच्या डॉक्टरकडे नेलं. महूची मुलगी, आजोबा फौजेत होते, नुकतीच शिकून आलेली. आठवड्यातून दोन दिवस जवळच्या धर्मादाय दवाखान्यात बसायची. तिने शिरेत रंग टाकून नव्याने फोटो काढायला लावले होते. ते दिव्यावर लावून ती बराच वेळ बघत राहिली.

"काका, तुमचा ठणका खरा आहे," ती म्हणाली. "मनाचा नाही. आत वाळू साठतेय, वाट अर्धी बंद आहे."

चार वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. तुकोजींचे डोळे भरून आले. दुखतं यापेक्षा, दुखतं यावर कुणी विश्वास ठेवत नाही याचंच त्यांना जास्त दुखत होतं.

"डावी किडनी पाव भागच काम करतेय. अजून एकदा वाट बंद झाली तर काढावी लागेल. आणि उजवीतही वाळू दिसायला लागलीय, हे जास्त वाईट." मग तिने वही ओढली. "पाणी किती पिता हे नका सांगू. सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा, टाइमसकट."

तुकोजींनी सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काय होतं? सातचा चहा, साडेअकराचा लोटा, साडेतीनचा लोटा. गालातली सुपारी. अभिमानानेच सांगितलं.

डॉक्टरचं पेन थांबलं. "हे कधीपासून?"

"चौसष्टपासून."

"म्हणजे पस्तीस वर्षं." ती हळूच म्हणाली, "काका, तुमचा खडा टमाट्याने नाही झाला. मिलमध्ये घाम गाळलात आणि पाणी प्यायला नाहीत, त्याने झाला. आणि अजून पीत नाही, म्हणून होतोय. दिवसाला तीन लिटर, दर तासाला एक ग्लास. तहान लागो न लागो. हेच औषध. दुसरं माझ्याकडे नाही."

शेजारच्या खुर्चीवर सुलोचनाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. एवढी वर्षं दर थंडीत वाळवलेले आवळे त्यांना दिसत होते. तुकोजी मात्र उठून उभे राहिले. असं चिडलेलं त्यांना सुलोचनाबाईंनी कधी बघितलं नव्हतं.

"बाई, ज्या गोष्टीसाठी मॅनेजरने शाबासकी दिली तिला तुम्ही रोग म्हणता? मग माझ्याकडे राहिलं काय? मिल सुरू झाल्यावर मी दर तासाला लोटा घेऊन पळू?"

मैत्रीने एकदा सुलोचनाबाईंकडे बघितलं. सुलोचनाबाईंनी मान खाली घातली. "काका," ती म्हणाली, "मिलचं मला माहीत नाही. तीन महिन्यांत पाणी वाढलं नाही तर ही किडनी जाईल, एवढं मला माहीत आहे."

घरी आल्यावर सुलोचनाबाईंनी सुपारीचा डबा मोरीत रिकामा केला आणि खूप रडल्या. दुसऱ्या दिवसापासून दर तासाला ग्लास समोर ठेवायला लागल्या. तुकोजी दोन घोट घ्यायचे आणि बाकीचं तुळशीला घालायचे. तुळस सडायला आली. गोड बोलून झालं, भांडून झालं, दोन दिवस अबोला धरून झाला. "तहानच लागत नाही गं," ते म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. सुलोचनाबाई शेवटी लक्ष्मणच्या घरी गेल्या. म्हणाल्या, "भावजी, आता तुम्हीच करा काय ते. माझ्या तोंडातून निघत नाही."

त्या भाद्रपदात पाऊस खळेना. मिल बंद असली तरी झांकी बंद नव्हती. कामगार वर्गणी काढून दर वर्षी काढायचेच. तेवढ्यापुरतं फाटक उघडायचं, अंगणात काम चालायचं आणि तुकोजी पडदा बांधायला जायचे. खात्यांना मात्र सील असायचं. दाराच्या फटीला नाक लावलं की आतून तेलाचा वास येतो, असं तुकोजी दर वर्षी घरी येऊन सांगत. पण यंदा अंगणात गुडघाभर पाणी. कमेटीने परवानगी काढली आणि झांकीचं काम सांचाखात्याच्या छपराखाली नेलं. सकाळी आठला लक्ष्मण सायकल घेऊन दारात आला. "चल तुक्या, पडदा बांधायचाय. आत. सांचाखात्यात."

तुकोजींनी धुतलेला सदरा घातला. सायकलच्या मागे बसून जाताना ते बोलतच होते. सात वर्षांत गंज चढला असेल, पण वरवरचा. तेल दिलं की सांचे पळतील. आपले चार खिडकीकडचे होते, तिथे ओल कमी. लक्ष्मण पायडल मारत होता.

दार उघडंच होतं. तुकोजी आत गेले आणि दोन पावलांवर थांबले.

आत काही नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी फरशी, आणि तिच्यावर रांगेने बोल्टांची भोकं. कोपऱ्यात झांकीचे बांबू पडले होते. छपरातून पाणी ठिबकत होतं आणि त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. त्या खात्यात तुकोजींनी पाण्याच्या थेंबाचा आवाज कधी ऐकला नव्हता.

ते चालत खिडकीकडे गेले. भोकं मोजत आपली जागा शोधली. तिथे उभे राहिले.

"कधी नेले?"

"जानेवारीत," लक्ष्मण म्हणाला. "तू बेटम्याला होतास. लिलाव झाला. भंगारवाल्यांनी जागेवरच घणाने फोडले आणि ट्रक भरले. मी फाटकाशी होतो."

"मला सांगितलं नाहीस."

"वहिनींना सांगितलं. तुला सांगायची हिंमत नाही झाली. त्यांचीही नाही." लक्ष्मण जवळ आला. "भिया, तुझे चारही माझ्यासमोर फोडले. मी अठ्ठावीस वर्षं तुझ्या जिवावर पाणी प्यायलो. त्या दिवशी घरी जाऊन दोन दिवस जेवलो नाही."

तुकोजींनी मान हलवली. लक्ष्मणच्या पाठीवर हात ठेवला, काढला. मग झांकीच्या पोरांनी पडदा आणला तेव्हा तो चार कोपरे धरून बांधून दिला, नीट, सुरकुती न पडू देता. काम संपवून चालतच निघाले. सायकल हातात धरून लक्ष्मण पाच पावलं मागे चालत होता.

सुलोचनाबाई दारातच उभ्या होत्या. नवरा गल्लीतून येताना दिसला, अंगावर जुनी धूळ, मान खाली, मागे लक्ष्मण, आणि त्यांना सगळं कळलं. तुकोजी पायरीपाशी येऊन थांबले.

"मिल गेली गं," ते म्हणाले.

"हो," सुलोचनाबाई म्हणाल्या. "थांबा. असेच आत नका येऊ."

मसणवट्यातून आलेल्या माणसाला दारात थांबवतात, तसं त्यांनी थांबवलं. आतून ऊन पाण्याची बादली आणली. आधी त्यांच्या पायावर घातलं, मग लक्ष्मणच्या. लक्ष्मण तोंड फिरवून रडायला लागला. तुकोजींनी ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारलं, आणि मग तसेच ओल्या चेहऱ्याने पायरीवर बसले. दहा वाजले होते. साडेअकराच्या सुट्टीला अजून दीड तास होता.

"घसा सुकलाय," ते म्हणाले. "प्यायला दे."

त्यांनी तांब्या आणून दिला. तुकोजींनी तो तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला, सदऱ्यावर सांडलं तरी थांबले नाहीत. मग तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "अजून."

सुलोचनाबाई आत गेल्या आणि माठच उचलून बाहेर घेऊन आल्या.